लतादीदींचं एक गाणं नीट बसवायचं असेल तर

गणपती आले की आपल्या इंदुरात गाण्याचे वारे वाहायला लागतात, मंडळाचे कार्यक्रम, कॉलनीतल्या मैफली, कराओकेचे ग्रुप, आणि त्याच सुमाराला २८ सप्टेंबर, म्हणजे दीदींचा वाढदिवस. १९२९ साली त्या इथेच जन्मल्या, सिख मोहल्ल्यात, त्यामुळे इंदूरच्या मराठी घरात त्यांचं गाणं म्हणायचं म्हटलं की सगळ्यांचा ऊर जरा जास्तच भरून येतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या भरात लोक ऐन वेळी गाणं ठरवतात, यूट्यूबवरून ट्रॅक उतरवतात आणि थेट उभे राहतात, अंतऱ्यात, म्हणजे कडव्यात, आवाज चिरकतो, आणि मग म्हणतात की दीदींची गाणी आपल्याला जमणारच नाहीत. तसं अजिबात नाहीये. जमतात. चार-सहा आठवडे हातात ठेवून एकच गाणं धरलं तर साधारण बरा गळा असलेल्या कुणालाही जमतात, मी आमच्या राजेंद्रनगरच्या ग्रुपातल्या काकूंची, मावशींची आणि दोन-तीन काकांची अशी गाणी बसवून घेते, त्यातून जे कळलंय ते इथे लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. दीदींसारखा आवाज काढायचा नाही. श्वास कुठे घेतला, शब्द कसा टाकला, सूर कुठून उचलला आणि कुठे सोडला, हे त्यांच्याकडून घ्यायचं आणि आपल्या आवाजात, आपल्या पट्टीत, म्हणजे आपल्या गळ्याला झेपेल त्या उंचीवर, म्हणायचं. बहुतेक जणी उलटं करतात, गळा आवळून आवाज बारीक करतात आणि श्वास-शब्दांकडे बघतच नाहीत. दीदींचा आवाज बारीक होता हे खरं, इतका की १९४८ च्या 'शहीद'साठी निर्माते शशधर मुखर्जींनी हा आवाज फार पातळ आहे म्हणून नाकारला होता, आणि मग संगीतकार मास्टर गुलाम हैदरांनी हट्टाने त्याच वर्षी 'मजबूर'मध्ये त्यांना गायला लावलं. पण तो बारीकपणा त्यांचा जन्मजात होता आणि त्याच्यामागे भरपूर दमसास होता. आपण गळा आवळून जो काढतो त्याच्यामागे काहीच नसतं, दोन ओळीत घसा दुखायला लागतो. मोकळा, पूर्ण आवाज लावा, जाडा असला तरी चालेल.

गाणं कसं निवडायचं

आवडतं गाणं आणि झेपणारं गाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करायला लोकांना फार जड जातं. प्रत्येकीला 'लग जा गले' म्हणायचं असतं ('वो कौन थी', १९६४, संगीत मदनमोहन). गाणं सोपं वाटतं कारण संथ आहे, पण संथ आहे म्हणूनच अवघड आहे, प्रत्येक सूर उघडा पडतो, लपायला जागाच नाही, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते तोंडपाठ असतं, एक सूर हलला की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळतं. ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा.

पहिल्यांदा गाणाऱ्यांना मी 'अजीब दास्तां है ये' सुचवते ('दिल अपना और प्रीत पराई', १९६०, शंकर-जयकिशन आणि शैलेंद्र), चाल फार वर-खाली पळत नाही, तीच वळणं परत परत येतात, त्यामुळे एकदा मुखडा-अंतरा बसला की निम्म्याहून जास्त काम झालं. 'रहें ना रहें हम' ('ममता', १९६६, रोशन) हेही चांगलं, शांत गाणं आहे, आवाजात थोडी ठेहराव असेल तर फार खुलतं. 'आपकी नजरों ने समझा' ('अनपढ', १९६२) घ्यायला हरकत नाही पण त्यात मदनमोहनची बारीक वळणं आहेत, ती सरळ करून टाकली तर गाण्याचा जीवच जातो. सलील चौधरींची गाणी, 'ओ सजना बरखा बहार आई' ('परख', १९६०) वगैरे, ऐकायला अगदी लोकगीतासारखी साधी आणि म्हणायला बसलं की सूर कुठून कुठे उडी मारतो ते कळत नाही, स्वरज्ञान पक्कं असेल तरच हात लावा.

शास्त्रीय शिकलेल्या असाल तर मग दारं उघडी आहेत. 'मनमोहना बडे झूठे' जयजयवंती, 'बेकस पे करम' केदार, 'नैनों में बदरा छाए' भीमपलास, 'रसिक बलमा' शुद्ध कल्याण, 'तू जहां जहां चलेगा' नंद. राग येत असेल तर वळणं लवकर उलगडतात. पण एक सांगते, राग येतो म्हणून आपली तान त्यात घालू नका, फिल्मी गाणं साडेतीन मिनिटांत सगळं सांगून मोकळं होतं, त्यात एक जागा (सुरांचं वळण) जास्तीची घातली की ती खटकते. शास्त्रीय शिकलेल्यांचीच ही चूक जास्त होते आणि त्यांना ती सांगणं सगळ्यात कठीण.

कार्यक्रमात पहिलंच गाणं तुमच्या वाट्याला आलं असेल तर 'ज्योति कलश छलके' बघा ('भाभी की चूडियां', १९६१), संगीत आपल्या सुधीर फडक्यांचं, शब्द पंडित नरेंद्र शर्मांचे, भूप रागाच्या अंगाने जाणारी चाल, मराठी कानाला लगेच आपली वाटते. मात्र वरचा सूर लख्ख लागायला हवा.

पट्टी

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दीदींच्या ओरिजिनल पट्टीत म्हणायचा हट्ट सोडून द्या. त्या तार सप्तकात ज्या सहजतेने फिरतात तिथे आपला नुसता श्वास पोचेपर्यंत ओळ संपते. शास्त्रीयला बसताना बायकांची पट्टी साधारण पेटीची काळी चार-काळी पाच आणि पुरुषांची काळी एक-काळी दोन असते, पण फिल्मी गाण्याला हा हिशोब थेट लागू पडत नाही, कारण कुठल्या गाण्याचा वावर सा च्या खाली जास्त असतो तर कुठल्याचा वर. म्हणून सा बघत बसायचं नाही. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर कुठला आणि सगळ्यात खालचा कुठला, हे दोन शोधायचे. वरचा बहुतेक वेळा अंतऱ्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत असतो आणि खालचा मुखड्याच्या शेवटाला, पण ऐकून खात्री करा. मग अंतऱ्याची ती वरची ओळ आधी म्हणायची, गाण्याची सुरुवात तिथूनच करायची. लागोपाठ तीनदा म्हणून बघा. तिन्ही वेळा गळा न ताणता, हनुवटी वर न करता, डोळे न मिटता आली तर पट्टी बरोबर आहे. नाही आली तर अर्धा सूर खाली उतरवा आणि परत तीनदा. असं करत करत जिथे वरची ओळ आरामात येते तिथे थांबा आणि लगेच खालचा सूर तपासा, कारण पट्टी फार उतरवली की मुखड्याचा शेवट ऐकूच येत नाही, नुसती हवा निघते. दोन्हीच्या मधे जी जागा मिळेल ती तुमची पट्टी, आणि अशी जागाच मिळत नसेल तर गाणं बदला, त्यात वाईट काही नाही.

फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असतंच, नाहीतर घरातली पेटी काढा. ठरलेली पट्टी कागदावर लिहून ठेवा. 'दोन खाली' असं नुसतं लिहू नका, कशाच्या दोन खाली ते महिन्याने कुणालाच आठवत नाही, 'पांढरी तीन' किंवा जे असेल ते स्पष्ट लिहा, वादकाला तेवढंच पुरतं.

कराओके ट्रॅक अर्ध्या-अर्ध्या सुराने वरखाली करता येतो, पण तीन-चार अर्ध्या सुरांच्या पलीकडे नेलात की व्हायोलिनं रडायला लागतात आणि ढोलक बसल्यासारखा वाजतो. पुरुषांना दीदींचं गाणं म्हणायचं असेल, आणि का म्हणू नये, तर बहुतेक वेळा त्याहून जास्त उतरवावं लागतं, तेव्हा ट्रॅकचा नाद सोडून पेटी-तबला किंवा कीबोर्डवाला गाठावा. नुसत्या पेटी-तबल्यावर ही गाणी फार छान वाटतात, मला तर ट्रॅकपेक्षा जास्त आवडतात.

कुठलं रेकॉर्डिंग ऐकायचं

मूळ. फक्त मूळ. झंकार बीट्सवालं (नंतर ठेका चढवलेलं) नाही, रिमिक्स नाही, कुठल्या रिअ‍ॅलिटी शोमधल्या मुलीने म्हटलेलं नाही, ती कितीही गोड असली तरी. दुसऱ्या कुणाचं ऐकून बसवलं की त्यांनी केलेले बदल तुमच्या गळ्यात बसतात आणि मग निघत नाहीत.

आणि एक बघायचं, जुन्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे काही गाण्यांचं सिनेमातलं रूप आणि रेकॉर्डवरचं रूप वेगळं आहे, सिनेमात एखादा अंतरा जास्तीचा असतो, किंवा सुरुवातीचा शेर असतो जो रेकॉर्डवर नाही. तुम्ही सिनेमातलं ऐकून बसवलं आणि ट्रॅक रेकॉर्डवरून बनवलेला निघाला तर स्टेजवर गडबड होणार, तेव्हा ट्रॅक आधी हातात घ्या आणि दोन्ही शेजारी लावून ताळा करा. नेटवर काही अपलोड किंचित वेगाने किंवा हळू चालणारे पण असतात, सूर मग पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लागतो. असं वाटलं तर दुसरं अपलोड शोधा.

जुनी तबकडी कशी वाजते ते ऐकलंच नसेल तर महूच्या रस्त्याला पिगडंबरला दीदींच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे, एकदा जाऊन या. हेडफोनवर गुळगुळीत केलेलं ऐकायची सवय झालेल्या कानाला तबकडीवर आवाज किती पुढे, किती जवळ असतो ते तिथे कळतं.

शब्द

लिरिक्सच्या वेबसाइटवरून प्रिंट काढू नका. तिथे चुका असतात आणि रोमन लिपीत असेल तर विचारूच नका. गाणं लावा, थांबवा, लिहा, परत लावा, असं स्वतःच्या हाताने देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहा, दोन ओळींत भरपूर जागा सोडून, कारण त्या जागेत पुढे बऱ्याच खुणा करायच्यात.

आता उच्चार. आपण इंदूरकर मराठी लोक दिवसभर हिंदी बोलतो म्हणून आपल्याला वाटतं आपलं हिंदी उत्तम, पण आपलं हिंदी माळव्याचं आहे, आपण 'है' चं 'हे' करतो, 'मैं' चं 'में', 'और' चं 'ओर', आणि मधला ह तर बऱ्याचदा गिळूनच टाकतो. बाजारात चालतं, ती आपली भाषा आहे आणि गोड आहे. पण दीदींच्या गाण्यात 'है' वर लांब सूर असतो, तिथे तोंड उघडून 'है' आलाच पाहिजे, 'हे' केलं की सूर पण चपटा होतो. तसंच नुक्त्याची अक्षरं. 'नज़र' मधला ज़, 'ज़िंदगी' मधला ज़, 'दाग़' मधला ग़, 'ख़्वाब' मधला ख़, 'फ़साना' मधला फ़. कागदावर तिथे लाल पेनाने टिंब द्या. क़ नाही जमला तर चालेल, ज़ आणि फ़ मात्र जमलेच पाहिजेत. उलट जिथे नुक्ता नाही तिथे उगाच लावू नका, 'जा' ला 'ज़ा' म्हणणारे पण भेटतात.

दीदी स्वतः ह्यातून गेल्यात. सुरुवातीच्या काळात दिलीपकुमारांनी मराठी लोकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो असं काहीतरी म्हटलं, ते त्यांना लागलं, आणि त्यांनी रीतसर मौलवी लावून उर्दू शिकून घेतलं. आपल्यासारख्याच घरातली मुलगी, घरात मराठी, वडील मास्टर दीनानाथ मराठी रंगभूमीचे, आणि पुढे गालिबच्या गझला म्हणताना एका अक्षराला कुणी बोट लावू शकलं नाही. तेव्हा जमत नाही हे म्हणायचंच नाही. शब्दांचा अर्थ पण विचारा कुणाला तरी, अर्थ कळला की जोर आपोआप योग्य शब्दावर पडतो. अर्थ न कळता म्हटलेलं दोन ओळीत ओळखू येतं.

आठवडाभर गाणं फक्त वाचा. चालीशिवाय, कविता वाचतात तसं, मोठ्याने. विचित्र वाटेल पण करा.

श्वास

माझ्या मते सगळं गाणं इथेच ठरतं. दीदींचं कुठलंही गाणं हेडफोन लावून फक्त श्वासासाठी ऐका, सुरांकडे दुर्लक्ष करून. बऱ्याच ठिकाणी श्वास ऐकूच येत नाही. दोन शब्दांच्या मधे तो कुठे आणि कसा घ्यायचा की ऐकणाऱ्याला कळू नये, हे आपण संगीतकार अनिल विश्वासांकडून शिकलो असं त्या नेहमी सांगायच्या. आणि नीट ऐकलं तर कळतं की त्या शब्द कधीच तोडत नाहीत, अर्थ कधीच तोडत नाहीत. आपण काय करतो, दम संपला की घेतला श्वास, मग तो विशेषण आणि नामाच्या मधे का येईना.

हे असं करायचं. लिहिलेला कागद समोर, गाणं लावलेलं, हातात पेन्सिल. जिथे त्या श्वास घेतात तिथे वर एक उभी रेघ. ऐकू आला नाही तर अंदाजाने प्रश्नचिन्ह. एक कडवं झालं की तुम्ही म्हणून बघा, फक्त रेघांवर श्वास घ्यायचा, मधे नाही. पहिल्या दिवशी जमणार नाही. जिथे जमलं नाही तिथे ओळीला गोल करा. ह्या गोलांवर रोज काम करायचं. जिथे ओळ खरंच फार लांब आहे आणि आपला दम पुरतच नाही, तिथे आपली एक जास्तीची जागा शोधायची, पण ती अर्थ बघून शोधायची, आणि एकदा ठरली की दरवेळी तिथेच.

उदाहरण म्हणून 'लग जा गले' चंच घेते. ह्या तीन शब्दांनंतर चालीत जागा आहे, लोक तिथे सूर ओढत बसतात आणि श्वास घ्यायचा राहून जातो, मग पुढची लांब ओळ अर्ध्यात तुटते. तिथे सूर वेळेवर सोडा, पोटातून श्वास भरून घ्या, आणि पुढची ओळ शेवटपर्यंत एका दमात न्या, शेवटचा शब्द सुद्धा तेवढ्याच ताकदीने. शेवटचा शब्द विझवून टाकायची सवय बहुतेक सगळ्यांना असते. दीदींचा ओळीतला शेवटचा स्वर ऐका, बारीक होत जातो पण सुरातून हलत नाही, आणि तो बारीक करायलाच सगळ्यात जास्त दम लागतो.

दम वाढवायला सकाळी खर्ज लावा. खालचा सा, ओंकारात किंवा आकारात, घड्याळ समोर ठेवून, सुरुवातीला पंधरा सेकंद न हलता लागला तरी पुष्कळ, हळूहळू वीस-पंचवीसपर्यंत जातो. आठ-दहा वेळा, बस. जोर लावू नका. खांदे वर जात असतील तर श्वास छातीत अडकतोय, पोटावर हात ठेवून बघा. कोठारी मार्केटात पायी फिरताना सुद्धा करता येतं हे, चार पावलं श्वास आत, आठ पावलं बाहेर.

हरकती, मुरक्या आणि बाकीचं नक्षीकाम

आधी गाणं सपाट म्हणायचं. सगळ्या मुरक्या काढून, नुसते मुख्य सूर, तालात. हे पक्कं झाल्याशिवाय एकही हरकत घ्यायची नाही. मग एकेक जागा घ्या, यूट्यूबवर स्पीड ०.७५ करा, त्याहून कमी केलं की सूर फाटतात, आणि ती जागा सरगममध्ये लिहून काढा. सरगम येत नसेल तर पेटीवर शोधा, बोटांनी सापडली की गळ्यात येते. रोज एक जागा पुरे. ज्या जागा चार-पाच दिवसांत बसत नाहीत त्या सरळ सोडून द्या आणि तिथे साधा सूर ठेवा, स्वच्छ साधा सूर अर्धवट मुरकीपेक्षा हजार पटीने बरा.

ह्या जागांमागे कुठली तालीम आहे ते पण माहीत असावं. वडिलांनंतर दीदी भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद अमान अली खाँसाहेबांकडे शिकल्या. आणि आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँसाहेब, त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगीवादक, हे वडील सुद्धा भेंडीबाजारवाल्यांकडेच शिकलेले. अमान अलींची हंसध्वनी रागातली 'लागी लगन' ही बंदिश अमीर खाँसाहेबांनी गाऊन घराघरात नेली, आणि तोच हंसध्वनी दीदींच्या आवाजात मन्ना डेंच्या बरोबर 'जा तोसे नहीं बोलूं कन्हैया' मध्ये आहे ('परिवार', १९५६, सलील चौधरी). दोन्ही लागोपाठ ऐका एकदा. एकाच ओट्यावरून निघालेल्या दोन वाटा आहेत त्या, सूर कसा न झटकता एकातून दुसऱ्यात जातो ते दोन्हीकडे दिसेल. हे ऐकल्यावर आमच्या ग्रुपातल्या काही जणींच्या हरकती आपोआप मऊ झाल्या, मी काही न सांगता.

ट्रॅकबरोबर

ट्रॅक थांबत नाही. सुरुवातीचं म्युझिक किती, प्रत्येक अंतऱ्याआधीचं म्युझिक किती, आणि त्यात कुठलं वाद्य वाजून झालं की आपण गायला सुरुवात करायची, हे कागदावर लिहा. सेकंदात लिहू नका, वाद्यात लिहा, 'बासरी संपली की', 'तबला परत आला की', स्टेजवर घड्याळ कोण बघतंय. मात्रा हाताने मोजायची सवय असेल तर उत्तमच. आणि म्युझिकच्या वेळात फोनमध्ये बघत उभं राहू नका, म्युझिक ऐका, सेबास्टियन डिसूझांसारख्या अरेंजरने ते इतक्या मेहनतीने रचलंय, पुढच्या ओळीचा मूड त्यातच असतो.

माईक

'महल' (१९४९, खेमचंद प्रकाश) मधलं 'आएगा आनेवाला' सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या सुरुवातीला आवाज लांबून जवळ येतो असं वाटायला हवं होतं, तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती, तर दीदींना स्टुडिओच्या कोपऱ्यातून गात गात माईककडे चालत यायला लावलं. माईकपासूनचं अंतर हे सुद्धा गाण्यातलं एक हत्यार आहे, हे ह्यावरून समजून घ्या. साध्या मुखड्याला माईक तोंडापासून चार बोटं, वरचा सूर आला की थोडा लांब, अगदी हळू सुरावर परत जवळ. माईकची जाळी मुठीत धरू नका, आवाज घोगरा येतो. प, फ, भ आले की माईक किंचित तिरका. घरी लाटणं किंवा पाण्याची बाटली हातात धरून ह्याची प्रॅक्टिस करा, मी खरंच सगळ्यांकडून करून घेते.

साउंडवाल्याला इको कमी ठेवायला सांगा, दोनदा सांगा. इको वाढवला की आपल्याला आपला आवाज छान वाटतो पण समोर शब्द एकमेकांत मिसळून जातात, आणि शब्दांवर आपण एवढी मेहनत केलेली असते.

रोजची प्रॅक्टिस

अर्धा तास रोज, रविवारी तीन तास नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत रोज एकदा पूर्ण गाणं उभं राहून म्हणायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं, पण लगेच ऐकायचं नाही, दुसऱ्या दिवशी ऐकायचं, कागद समोर घेऊन. तेव्हाच खरं ऐकू येतं. घरच्यांना मत विचारू नका, ते एकतर छान म्हणतात नाहीतर टीव्हीचा आवाज कमी करतात आणि आपण दुखावतो. गाण्यातलं कळणाऱ्या एकाच माणसाला विचारा.

खाण्याचं काय विचारतात सगळे. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सराफ्यात जाऊ नका, एवढंच. शिकंजी, कुल्फी, त्यावर गरम तळलेलं आणि रात्री एक वाजेपर्यंत गप्पा, गळ्याला ह्यापेक्षा वाईट काही नाही. सकाळचे पोहे चालतात, शेव जरा कमी. कोमट पाणी पीत राहा.

निवेदन

गाण्याआधी दोन वाक्यं बोलायची असतील तर ती बरोबर असू द्या. संगीतकार आणि गीतकार दोघांचं नाव घ्यायचंच, नुसतं 'दीदींनी गायलेलं' म्हणून सुरू करू नका, त्या स्वतः प्रत्येक मुलाखतीत संगीतकारांची नावं आदराने घ्यायच्या. 'ऐ मेरे वतन के लोगों' हे कुठल्या सिनेमातलं म्हणून सांगतात लोक, ते सिनेमातलं नाहीच, २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत नॅशनल स्टेडियमवर त्यांनी ते पंडित नेहरूंसमोर गायलं, संगीत सी. रामचंद्र, आणि शब्द कवी प्रदीपांचे, जे आपल्या उज्जैनजवळच्या बडनगरचे. इंदुरात ते गाणं होतं तेव्हा बडनगरचं नाव आलंच पाहिजे असं मला वाटतं. युगलगीत असेल आणि बरोबर किशोरदा असतील तर ते खंडव्याचे, आपल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले, हेही सांगा, टाळ्या मिळतातच.

'महल'च्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' छापलं होतं, सिनेमातल्या पात्राचं, आणि लोकांनी रेडिओला विचारून विचारून खरं नाव काढलं, हे सांगितलं की नवीन मुलांना फार आश्चर्य वाटतं. 'रसिक बलमा' आधी सांगायला आणखी एक आहे. ज्यात हे गाणं आहे त्या 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं तेव्हा जयकिशननी समारंभात हे गाणं म्हणायची विनंती केली आणि दीदींनी नकार दिला, कारण पार्श्वगायकांसाठी तेव्हा पुरस्कारच नव्हता. तो सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'आजा रे परदेसी'साठी ('मधुमती', १९५८). हे सगळं एकाच निवेदनात कोंबू नका. एका गाण्याआधी एक गोष्ट, अर्ध्या मिनिटात, मग गाणं.

कार्यक्रमाच्या दिवशी

ट्रॅक तुमच्या पट्टीत करून फोनमध्ये, पेनड्राइव्हमध्ये आणि ग्रुपातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये अशा तीन ठिकाणी ठेवा, फाइलच्या नावात गाणं, तुमचं नाव आणि पट्टी तिन्ही लिहा, एकाच गाण्याचे चार ट्रॅक साउंडवाल्याकडे जमा होतात आणि तो हाताला येईल तो लावतो. फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर अंतऱ्यात कुणाचा तरी कॉल येतो. लता मंगेशकर सभागृहासारख्या मोठ्या हॉलमध्ये असेल तर प्रेक्षक यायच्या आधी जाऊन स्टेजवरून एक कडवं म्हणून बघा, रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, लोक बसले की तो बसतो, हे आधीच माहीत असलं की घाबरायला होत नाही.

कागद स्टँडवर ठेवा, चालतो, पण नजर प्रत्येक ओळीला तिथे नको. पहिला सूर लावायच्या आधी तानपुऱ्याचं अ‍ॅप कानाशी धरून आपला सा मनात घोळवा, सुरुवातीचं म्युझिक चालू झालं की पोटातून एक पूर्ण श्वास, आणि वरच्या ओळीची आत्ताच काळजी करू नका, ती तुम्ही रोज सगळ्यात आधी म्हटली आहे.